टाकीतला पंप का ओरडतो? इथेनॉलचे पेट्रोल आणि आपली गाडी



दारात गाडी असणे ही आपल्या समाजात आता नवलाई राहिलेली नाही. बापजाद्यांनी गिरणीत, रेल्वेत, नगरपालिकेत घाम गाळला. मुले शिकली. काही नोकरीला लागली, काहींनी स्वतःचा धंदा धरला. पतपेढीचे कर्ज काढून, वेळप्रसंगी घरातले डाग गहाण टाकून जुनी का होईना, चारचाकी दारात उभी राहिली. कुणी ती टॅक्सीला लावतो, कुणी शाळेची मुले ने-आण करतो, कुणी लग्नसराईत भाड्याने देतो. आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला त्याच गाडीतून सारे कुटुंब नागपूरला दीक्षाभूमीवर जाते. अशी गाडी म्हणजे चैन नव्हे. ती घरातले एक कमावते माणूस आहे. ती आजारी पडली की चूल मंदावते.

म्हणूनच या वेळी आम्ही थोडा वेगळा विषय घेतला आहे. टॅक्सी स्टँडवर आणि वस्त्यांत सध्या एकच बोलणे ऐकू येते. "पेट्रोलमध्ये इथेनॉल घालतात, त्याने पंपाचे वंगण जाते, पंप ओरडायला लागतो आणि एक दिवस जळतो." गॅरेजवालाही तेच सांगतो आणि हातात काही हजारांचे बिल ठेवतो. सरकार मात्र म्हणते, काळजीचे कारण नाही. आता सामान्य माणसाने कुणाचे ऐकावे?

तथागतांनी कालामांना जी शिकवण दिली ती इथेही उपयोगाची आहे. दहाजण बोलतात म्हणून मानू नये आणि मोठ्याने सांगितले म्हणूनही मानू नये. स्वतः तपासावे, अनुभवाला पटेल ते घ्यावे. चला तर, तपासू या.

इथेनॉल आले कुठून?

इथेनॉल म्हणजे अल्कोहोलच. उसाच्या रसापासून, साखर कारखान्यातल्या मळीपासून, मक्यापासून आणि तांदळापासून ते काढतात. माणसासाठी पाचवे शील आहे, गाडीला मात्र सरकारने त्यातून सूट दिली, असे लोक गमतीने म्हणतात! आपल्या देशात २००३ साली पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम सुरू झाला. जून २०२२ मध्ये हे प्रमाण दहा टक्क्यांवर गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्क्यांचे पेट्रोल निवडक ठिकाणी विक्रीला आले आणि २०२५ मध्ये ते देशभर पोचले. त्यालाच 'ई-२०' म्हणतात. म्हणजे तुम्ही एक लिटर घेतले तर त्यात २०० मिलिलिटर इथेनॉल असते.

ब्राझील देशाने १९७५ पासून हा मार्ग धरला. तिथे २०१५ पासून २७ टक्के आणि ऑगस्ट २०२५ पासून ३० टक्के मिश्रण चालते. म्हणजे इथेनॉलवर गाडी चालतच नाही, हे खरे नाही. पण तिथल्या गाड्या त्या इंधनासाठीच बनवलेल्या असतात, हेही विसरता कामा नये. आपल्याकडे एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांत ई-२० ला टिकणारे सुटे भाग घालायचे ठरले. आपल्या लोकांच्या हाती आहेत त्या बऱ्याचशा त्याआधीच्या, एक-दोन हात फिरून आलेल्या गाड्या. प्रश्न आहे तो त्यांचा.

पंप नेमके काय करतो?

इथे पेट्रोल पंप म्हणजे आपण पेट्रोल भरतो तो नव्हे. गाडीच्या टाकीत एक छोटा विजेचा पंप बसवलेला असतो. मेकॅनिक त्याला फ्युएल पंप किंवा टाकीतली मोटार म्हणतात. तो टाकीतले पेट्रोल खेचून दाबाने इंजिनाकडे पाठवतो. टायरमध्ये आपण ३० ते ३३ पौंड हवा भरतो. हा पंप बहुतेक गाड्यांत ४५ ते ५५ पौंडांचा दाब तयार करतो, तोही गाडी चालू आहे तोवर अखंड.

आता मुख्य गोष्ट. या मोटारीला वेगळे ऑईल घालत नाहीत. पेट्रोल मोटारीच्या आतूनच वाहते. तेच तिला थंड ठेवते आणि तेच तिच्या फिरत्या भागांना वंगण देते. गिरणीत राबणाऱ्या कामगाराला पाणी मिळाले नाही तर जे होते, तेच पेट्रोल कमी पडलेल्या पंपाचे होते.

नव्या बहुतेक मोटारसायकलींनाही आता असाच पंप असतो. जुन्या कार्बोरेटरच्या दुचाकीला तो नसतो, तिच्या टाकीतले पेट्रोल आपोआप खाली उतरते. तिथे हा आवाजाचा प्रश्नच येत नाही.

वंगणाचे खरे किती, खोटे किती?

"इथेनॉल कोरडे असते, त्यात तेलकटपणा नसतो" असे सांगतात. पण साधे पेट्रोल तरी कुठे तेलकट असते? तेही पातळच, डिझेलच्या मानाने वंगण म्हणून दुबळेच. पंप बनवणारे हे धरूनच पंप बनवतात. उलट इथेनॉल पेट्रोलपेक्षा किंचित दाट असते. तेव्हा स्वच्छ, पाणी नसलेले इथेनॉल मिसळले म्हणून पंपाचे वंगण एकाएकी नाहीसे होते, हे म्हणणे टिकत नाही.

मग काहीच होत नाही का? होते. पण ते दुसऱ्या वाटेने होते. या वाटा चार आहेत.

पहिली वाट पाण्याची. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते. साधे पेट्रोल पाण्याला जवळ करत नाही. इथेनॉलमिश्रित पेट्रोल थोडे पाणी पोटात घेते, पण पाणी मर्यादेबाहेर गेले की इथेनॉल आणि पाणी एक होऊन पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. पंप बसतो कुठे? तळाशीच! मग त्याच्या तोंडी पेट्रोलऐवजी ते पाणचट मिश्रण जाते. वंगण जाते ते इथे, आणि गंजही लागतो तो इथेच. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात उघड्यावर महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीला हा धोका जास्त.

दुसरी वाट कचऱ्याची. इथेनॉल साफ करणारे द्रव्य आहे. जुन्या टाकीत वर्षानुवर्षे चिकटलेला गाळ ते सोडवते. तो गाळ पंपाच्या जाळीत आणि फिल्टरमध्ये जाऊन बसतो. वाट तुंबली की पंपाला जोर लावावा लागतो. तो तापतो, ओरडतो.

तिसरी वाट वाफेची. इथेनॉल मिसळले की पेट्रोलची वाफ होण्याची ओढ थोडी वाढते. विदर्भ-मराठवाड्यातला वैशाख आठवा. टाकीत पेट्रोल कमी, रस्ता तापलेला, पंप तापलेला. अशा वेळी पंपाच्या तोंडाशी वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडा आत गेला की तेवढा क्षण पंप कोरडा फिरतो. घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येतो तो त्याचा.

चौथी वाट जुन्या सुट्या भागांची. जुन्या प्रकारचे काही रबर इथेनॉलने फुगते किंवा कडक होते. शिवाय पेट्रोलमधून वीज जवळजवळ वाहत नाही, इथेनॉलमधून ती थोडी वाहते. त्यामुळे जुन्या बनावटीच्या पंपातला वीज पोचवणारा तांब्याचा भाग हळूहळू झिजू शकतो. म्हणूनच इथेनॉलसाठी बनवलेल्या पंपात तांब्याऐवजी कार्बन वापरतात. पंप बदलायची वेळ आलीच, तर "ई-२० ला चालणारा आहे ना?" हे आधी विचारावे.

सारांश असा की इथेनॉल एकटे गुन्हेगार नाही. पाणी, गाळ, उष्णता आणि जुने भाग यांच्या सोबतीने ते त्रास देते. आणि या सोबत्यांना आवरणे बरेचसे आपल्या हातात आहे.

दोनशे रुपयांचे पेट्रोल

आता थोडे कडू बोलतो. आपल्यातले कितीतरी बांधव रोज दोनशे-तीनशे रुपयांचेच पेट्रोल भरतात. हौस म्हणून नव्हे, खिशात तेवढेच असतात म्हणून. कालच्या भाड्याचे पैसे आज टाकीत, आजचे उद्या. त्यामुळे टाकी कायम तळाला आणि काटा कायम लाल रेघेवर. काही गाड्यांत पंपाभोवती पेट्रोल साठून राहावे म्हणून वाटीसारखी सोय असते. पण घाटात, वळणावर, उन्हात तीही अपुरी पडते. टाकी रिकामी राहिली की आत हवा जास्त आणि हवेबरोबर ओलही जास्त. म्हणजे पाणी आणि वाफ, दोन्ही शत्रूंना आपणच दार उघडून देतो.

यावर आम्ही कारकुनी उपाय सुचवतो. बँकेच्या खात्यात किमान शिल्लक ठेवावी लागते, तशी टाकीतही ठेवा. ३५ लिटरची टाकी असेल तर पाव टाकी म्हणजे सुमारे नऊ लिटर. एकदाच काटकसर करून हे नऊ लिटर जादा भरा. पुढे रोज भरता तेवढेच भरा, पण काटा पावाच्या खाली जाऊ देऊ नका. हे पैसे खर्च झाले असे समजू नका. ते टाकीत शिल्लकच आहेत. या नऊ-साडेनऊशे रुपयांच्या शिलकीने काही हजारांचा पंप जास्त टिकत असेल, तर हा सौदा तोट्याचा नाही.

आवाज काय सांगतो?

पंपाचा आवाज मुळात असतोच. इंजिन चालू न करता किल्ली पहिल्यांदा फिरवा. बहुतेक गाड्यांत मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद 'घूंऽऽ' असा बारीक आवाज येतो आणि थांबतो. तो पंप दाब तयार करतो त्याचा. गाडी ठणठणीत असतानाच हा आवाज कानात साठवून ठेवा. मग फरक पडला की लगेच कळेल.

१) टाकी खाली असतानाच आवाज वाढतो आणि पेट्रोल भरल्यावर कमी होतो: पंपाला पुरेसे पेट्रोल मिळत नाही. पाव टाकीचा नियम पाळा.

२) चढावर किंवा भरल्या गाडीत आवाज वाढतो, गाडी अडखळते: जाळी किंवा फिल्टर तुंबल्याची शंका घ्यावी. बऱ्याच गाड्यांत फिल्टर टाकीतच असतो. तो गॅरेजमध्येच उघडावा.

३) भर उन्हात गाडी थोडा वेळ थांबवली की पुन्हा लवकर चालू होत नाही: वाफेचे लक्षण.

४) पावसानंतर किंवा गाडी महिनोन् महिने उभी राहिल्यावर आवाज, धक्के सुरू झाले: टाकीत पाणी गेले का ते पाहावे. गॅरेजमध्ये तळाचे पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून स्थिर ठेवले तर पाण्याचा थर वेगळा दिसतो. हे घरात, स्टोव्ह किंवा देव्हाऱ्यातल्या दिव्यासारख्या कोणत्याही ज्योतीजवळ, चुकूनही करू नये!

५) टाकी भरलेली, गाडी थंड, तरी आवाज मोठा आणि सारखा: पंप झिजला असण्याची शक्यता. तरीही आधी दाब मोजायला सांगा. कधी कधी बॅटरी, वायर किंवा अर्थिंग ढिली असते आणि बळी पंपाचा जातो.

काहीजण पंपाला वंगण म्हणून पेट्रोलमध्ये टू-टी ऑईल किंवा रॉकेल मिसळतात. कृपया असे करू नका. आजच्या गाड्यांचे प्लग, सेन्सर आणि धुराच्या नळीतले कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्याने खराब होतात. रोगापेक्षा औषध महाग पडते.

सीएनजीवाल्यांनी विशेष लक्ष द्यावे

आपले बरेच टॅक्सीवाले बांधव सीएनजीवर गाडी चालवतात आणि म्हणतात, "आम्हाला इथेनॉलशी काय घेणे?" पण घेणे आहे! बहुतेक गाड्या सकाळी पेट्रोलवर चालू होतात आणि मग गॅसवर जातात. काही गाड्यांत तर गॅसवर चालतानाही टाकीतला पंप फिरत राहतो. इकडे टाकीत दोन-तीन लिटर पेट्रोल, तेही दोन-दोन महिने तेच. ते शिळे होते, ओल धरते आणि त्यातच पंप बुडून किंवा अर्धवट कोरडा फिरतो. गॅसवर पैसे वाचले ते पंपात गेले, असे होऊ देऊ नका. टाकीत पाव भाग पेट्रोल ठेवा आणि आठवड्यातून काही किलोमीटर गाडी पेट्रोलवर चालवून ते फिरते ठेवा.

खर्चाचा हिशेब

हिशेबाची वही बहुतेक घरांत भगिनींच्याच हाती असते, म्हणून हे त्यांच्यासाठी. एक लिटर इथेनॉल एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी उष्णता देते. वीस टक्क्यांचा एक तृतीयांश म्हणजे जवळजवळ साडेसहा टक्के. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानेही हेच मान्य केले आहे. साध्या पेट्रोलसाठी बनवून दहा टक्के इथेनॉलसाठी जुळवलेल्या चारचाकीचे मायलेज ई-२० वर सहा ते सात टक्के घटेल, तशाच दुचाकीचे तीन ते चार टक्के. दहा टक्के इथेनॉलसाठी बनवून ई-२० साठी जुळवलेल्या चारचाकीचे मात्र एक-दोन टक्केच.

समजा गाडी लिटरला १५ किलोमीटर देत होती आणि महिन्याला १५०० किलोमीटर धावते. पेट्रोल लागत होते १०० लिटर. सहा टक्के घट धरली तर लागेल १०६ लिटरच्या वर. लिटरला शंभर रुपये धरले तरी महिन्याला सहाशेच्या वर आणि वर्षाला साडेसात हजारांच्या आसपास जादा जातात. मुलाच्या वह्या-पुस्तकांचे, क्लासच्या फीचे हे पैसे आहेत.

त्याच अहवालात मायलेजची घट भरून निघावी म्हणून मिश्रित पेट्रोल स्वस्त द्यावे, असेही सुचवले होते. पुढे इथेनॉलची खरेदीच महाग झाली, असे कारण सरकारने २०२५ मध्ये दिले. परकीय चलन वाचते, शेतकऱ्याला पैसा मिळतो, हे सरकारचे म्हणणे आम्ही नाकारत नाही. पण ज्या उसातून हे इथेनॉल येते तो ऊस तोडणाऱ्या मजुराच्या कोयत्याला आणि हे इंधन जाळणाऱ्या टॅक्सीवाल्याच्या खिशाला यातून काय मिळाले, हे विचारायचे नाही काय? देशाचा फायदा सर्वांचा आणि त्याची झळ मात्र जुनी गाडी चालवणाऱ्या गरिबाची, हा न्याय नव्हे.

इथेनॉलविरहित पेट्रोलचाही पर्याय मिळावा, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात झाली होती. १ सप्टेंबर २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने ती फेटाळली. तेव्हा हे पेट्रोल वापरायचे आहे, हे धरूनच चालावे लागेल. ई-२० मुळे विमा रद्द होतो ही अफवाही खरी नाही. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये तसे स्पष्ट केले आहे. मात्र जुन्या गाड्यांतले काही रबरी भाग आणि गॅस्केट लवकर बदलावे लागतील, हेही त्याच मंत्रालयाने तेव्हा कबूल केले. दर सर्व्हिसिंगला पेट्रोलचे रबरी पाईप आणि टाकीच्या झाकणाचे रबर तपासून घ्या.

गॅरेजमध्ये आणि पेट्रोल पंपावर

"इथेनॉलने पंप गेला" हे वाक्य आज गॅरेजमध्ये फार सोयीचे झाले आहे. तुंबलेल्या जाळीचे काम थोडक्यात भागते, संपूर्ण पंपाला हजारो रुपये पडतात. म्हणून पंप बदलण्यापूर्वी तीन गोष्टी मागा: दाब मोजून दाखवा, जाळी-फिल्टर काढून दाखवा, आणि बदललात तर जुना भाग हातात द्या. पक्के बिल घ्या आणि जपून ठेवा. सर्वच मेकॅनिक फसवे नसतात. त्यांतही आपलीच कष्टकरी मुले आहेत. पण विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला कुणी सहज फसवत नाही.

पेट्रोल भरतानाही हक्क वापरा. माप कमी वाटले तर पाच लिटरच्या मापाने मोजून मागता येते. शुद्धतेची शंका आली तर फिल्टर पेपरची चाचणी मागता येते. तक्रार वही मागता येते. तिथे दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आपल्यासाठीही आहे. आणि आपली गाडी किती टक्के इथेनॉलला चालते हे गाडीसोबतच्या पुस्तकात किंवा झाकणाजवळच्या स्टिकरवर पाहा. जुनी गाडी विकत घेताना तर हे पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका.

परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्याला सर्वप्रथम शिकायला सांगितले. शिकणे म्हणजे केवळ शाळेची पायरी चढणे नव्हे. ज्या यंत्रावर आपले पोट आहे ते यंत्र समजून घेणे, हेही शिकणेच आहे. आपल्या वस्तीत एखादा जाणता मेकॅनिक असेल तर विहारात रविवारच्या वंदनेनंतर तासभर त्याला बोलवा. टॅक्सीवाले, स्कूलव्हॅनवाले, नवी गाडी घेणारी तरुण मुले यांना एकत्र बसवा. एकाने शिकलेले दहांच्या घरी पोचले, तर दहा घरांचे पैसे वाचतील. भीतीने आणि अफवेने आजवर आपले पुष्कळ नुकसान केले आहे. यापुढे ते होऊ द्यायचे नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!